मोबाईलचा रंग लिहिला, बाकीचं?

पोलिसांच्या जप्ती-पंचनाम्यात कसं मन लावून लिहिलेलं असतं: 'काळ्या रंगाचा मोबाईल, स्क्रीनला उजव्या कोपऱ्यात तडा.' फोन चालू होता की बंद, एअरप्लेन मोडवर टाकला का, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हापशाच्या कोर्टातल्या माझ्या एका प्रकरणात जप्ती दुपारची आणि लॅबच्या अहवालात त्याच रात्रीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज! लाखेचं सील शाबूत. पाकिटात बसल्या बसल्या फोन मेसेज घेत होता. बाहेरून मेसेज येतो, तसा फोन बाहेरून पुसताही येतो.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर प्रकरणात (जालन्याच्या निवडणुकीचं) इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र (तो कोणत्या उपकरणातून, कसा काढला हे सांगणारं) सक्तीचं ठरवलं. मूळ उपकरणच कोर्टात आणून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. तेव्हापासून आम्हा वकिलांची निम्मी भांडणं त्या कागदावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ ने त्यात हॅशचा रकानाही आणला. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला आकडा. फाइलीत एक अक्षर हललं तरी तो पार बदलतो. उत्तम. पण काढला कधी? जप्तीनंतर तीन आठवड्यांनी काढलेला हॅश त्या तीन आठवड्यांत काय झालं ते सांगत नाही. झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १०५ ने बंधनकारक केलंय, ते तरी नीट व्हावं.

आणि पासवर्ड. पोलिसांनी 'मोबाईल उघड' म्हटलं की आपण निमूट उघडतो. घटनेचं कलम २०(३) म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. बोटांचे ठसे त्यात येत नाहीत, हे १९६१ सालीच ठरलं. पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नव्हे, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. मला ते पटत नाही. ठसा बोटावर असतो, पासवर्ड डोक्यात.

'आरोपींचे लाड' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, ढिसाळ जप्तीमुळे खटला पडला की रडायची पाळी फिर्यादीवर येते.

सीसीटीव्हीचं तर विचारूच नका. कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकच्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) जुन्या फुटेजवर नवं चढत जातं, बरेचदा दोन-तीन आठवड्यांतच. आरोपपत्र हातात पडेपर्यंत महिने जातात. अशिलाच्या बाजूचं फुटेज तोवर गेलेलं असतं. म्हणून हल्ली मी जामिनाच्या अर्जासोबतच फुटेज राखून ठेवण्याचा अर्जही टाकतो.