किमान पात्रता

शनिवारी दुपारी मी सातवीतल्या गणितानंतर पहिल्यांदा नापास झालो. म्हणजे मी नाही, माझा कॉम्प्युटर. पण निकाल माझ्या तोंडावर लागला, त्यामुळे फारसा फरक जाणवला नाही.

प्रकार साधा. कॉलेजातल्या आम्हा चौघांना, वय वर्षं चव्वेचाळीस, पब्जी खेळायची हुक्की आली. फोनवरची नव्हे, कॉम्प्युटरवरची. ती २०२२ च्या जानेवारीपासून फुकट आहे. चौघांतला एक न्यू जर्सीत, एक बंगळुरात, एक वाकडला अकराव्या मजल्यावर आणि मी कासारवाडीत पहिल्या मजल्यावर. आपल्याकडे रात्री नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेअकरा, तेव्हा जमायचं ठरलं. "तुझ्या मशीनवर चालेल ना?" वाकडवाल्याने विचारलं.

"न चालायला काय झालं? आय फाइव्ह आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी २०१३ पासून वापरतोय.

तरी खात्री करावी म्हणून एका संकेतस्थळावर गेलो. तिथे गेमचं नाव टाकायचं, एक बटण दाबायचं, मग ते तुमच्या मशीनचे खिसे तपासतं आणि सांगतं, चालेल की नाही. डॉक्टर रिपोर्ट वाचताना गप्प बसतात तसं ते अर्धा मिनिट गप्प बसलं. मग लाल फुली. खाली वाक्य होतं: तुमचा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही. आणि त्याच्या खालीच, जखमेवर मीठ म्हणून, नव्या लॅपटॉपची जाहिरात.

'किमान' हा शब्द लागला. उत्तम नाही, हे मलाही माहीत होतं. पण किमानसुद्धा नाही?

तपशिलात गेलो. मेमरी मागितली होती आठ जीबी, माझ्याकडे आठ. तिथे हिरवी खूण, काठावर पास. प्रोसेसर मागितला होता आय फाइव्ह ४४३०, वेग ३ गिगाहर्ट्झ. माझा आय फाइव्ह ३४७०, वेग ३.२. म्हणजे माझा जास्तच! तरी नापास. का, तर आकड्यातला पहिला अंक म्हणे पिढी. माझा तिसऱ्या पिढीतला, त्यांना चौथी हवी. एका पिढीने हुकलो. स्टिकर मात्र दोघांवर तोच, आय फाइव्ह. आजही दुकानात तेच नाव विकतात. आजोबा, बाप आणि नातू तिघांची नावं एकच ठेवली, तर पोस्टमनने पत्र द्यायचं कुणाला?

आणि ग्राफिक कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग. ते आठवलं की अजून डोकं फिरतं. २०१७ साली एका दुकानात मी "गेम चालतील असं कार्ड द्या" म्हणालो, तेव्हा काउंटरमागच्या पोराने न बघता एक डबी सरकवली. "दोन जीबीचं आहे काका, काहीही चालवा." तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो, आणि 'काका' ऐकूनच त्या खोक्याकडे संशयाने बघायला हवं होतं. ते निघालं जीटी ७१०. पब्जीला लागतं जीटीएक्स ९६०. तेही दोन जीबीचंच! फरक एवढाच की त्याच्या पोटात काम करणारे कोअर १०२४, आणि माझ्याच्यात १९२. कार्ड जीबीवर विकणं म्हणजे हॉटेल ताटांच्या संख्येवर विकणं. आचारी किती, ते विचारायचंच नाही. वीज ते १९ वॅट खातं. माझ्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट त्याहून जास्त कष्ट करते.

तर मी असा चरफडत असताना आप्पा आले.

आप्पा वरच्या मजल्यावर राहतात. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेत. त्यांच्या पुतण्याने त्यांचा हयातीचा दाखला ऑनलाइन काढून व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पण आपण जिवंत आहोत हे कागदावर हातात आल्याशिवाय आप्पा मानायला तयार नव्हते. "एवढं छापून दे," म्हणत ते आत आले, आणि स्क्रीनवरची लाल फुली बघून खुर्ची ओढून बसले. बिघाड दिसला की आप्पा हलत नाहीत.

"काय चाललंय?"

"टेस्ट घेतोय आप्पा. गेम चालतो का बघतोय."

"रिकामी घेतोस का भरलेली?"

"काय?"

"टेस्ट रे. रिकामी गाडी ढकलली तरी पळते. आम्ही सीटांवर वाळूची पोती टाकून कात्रजच्या घाटात चढवायचो. कागद बघून गाडी पास करायचा तो आरटीओ. आम्ही घाट बघायचो."

वाळूची पोती खरी की खोटी, ते आप्पाच जाणोत. पण मुद्दा पटला. ते संकेतस्थळ म्हणजे आरटीओ. आपण घाट बघावा. चाळीस जीबीहून जास्त जागा लागत होती. त्यासाठी मुलीच्या ऑनलाइन शाळेचे दोन वर्षांचे व्हिडिओ उडवले (हे अजून घरात माहीत नाही) आणि गेम उतरवायला लावला. त्याला संध्याकाळ झाली. मधल्या वेळात आप्पा दोन चहा प्यायले. पहिली एसटी १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर धावली इथपासून सुरुवात करून ते हळूहळू आमच्या जन्मापर्यंत आले. मी दोनदा म्हणालो, "आप्पा, तुमचं छापून देतो." तर म्हणे, "राहू दे, तुझं लोडिंग तुटेल."

गेम सुरू झाला. कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं पडतात त्याचा आकडा दिसत होता.

"हे बारा काय?"

"ॲव्हरेज आहे आप्पा."

"बारा?" आप्पांचे डोळे चमकले. "बारा म्हणजे झकास की! आमची लेलँड भरली की साडेचारच्या वर देत नसे."

"तसलं ॲव्हरेज नव्हे. सेकंदाला बारा चित्रं. साठ पाहिजेत."

"सिनेमात किती असतात?"

"चोवीस."

"मग चोवीसमध्ये माणसं अख्खा पिक्चर रडत बघतात, तुला साठ कशाला?"

मी समजावलं, की सिनेमात आपण नुसतं बघत असतो, इथे मान आपण वळवायची असते. मी माउस हलवतो आणि चित्र मागाहून येतं.

आप्पांनी समाधानाने मांडी थोपटली. "अस्सं बोल. स्टेअरिंगला प्ले आहे. चक्र आधी फिरतं, चाक मागाहून."

इतकं अचूक निदान मला इंटरनेटवरच्या एकाही तज्ज्ञाकडून मिळालं नव्हतं. त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला आणि चटकन काढला. प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे गेला होता. आप्पा वर जाऊन सायकलचा पंप घेऊन आले. झाकण उघडून त्यांनी पंख्यावर असा काही वारा मारला, की २०१३ पासूनची सगळी धूळ, एक मेलेली पाल आणि मुलीचा हरवलेला खोडरबर बाहेर आला. मग झाकण न लावताच समोर टेबलफॅन. तापमान सत्तरीत आलं. चित्रं? तेरा.

"एक वाढलं," आप्पा म्हणाले.

नऊ वाजले. आप्पा गेले नाहीत. चित्रांचा दर्जा 'अतिकमी'वर आणून मी चौघांत सामील झालो. शंभर माणसं विमानात बसतात आणि आठ बाय आठ किलोमीटरच्या बेटावर उड्या मारतात. माझ्याकडे चित्र आलं तेव्हा विमानात मी एकटाच होतो. कानात तिघं ओरडत होते, "उडी मार लेका!" मी बटण दाबलं, ते विमानाला कळेपर्यंत बेट संपलं. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टर झोपलेल्याला उतरवतो, तसं मला उतरवण्यात आलं.

"डुलकी लागली होती का रे?" आप्पा.

"हा आवाज कुणाचा?" न्यू जर्सी.

माइक चालू होता. पुढची दहा मिनिटं मी धावतोय, घरं उकडीच्या मोदकांसारखी गुळगुळीत, कुणालाच दार नाही. दार उमटायच्या आधी गोळी. आणि आप्पा तिघांशी गप्पा मारतायत. "मागून ये, मागून. डावं दाब. अरे, इंजिन बंद कर, आवाज जातो तुझा." वाकडवाल्याने खरोखर जीप बंद केली आणि तो वाचला. त्यानंतर तिघं माझ्याशी बोललेच नाहीत. बंगळुरवाला तर म्हणाला, "तू मेलायस ना? मग माइक आप्पांना दे."

दिला. काय करणार.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण रविवारी सकाळी न्यू जर्सीवाल्याचा मेसेज आला. २००२ मध्ये हाच माणूस ताशी वीस रुपयांच्या सायबर कॅफेत माझ्या पैशांनी खेळायचा, आणि वीस संपले की मशीन सोडायचा नाही. "डिसेंबरात येतोय. माझा जुना लॅपटॉप पडूनच आहे. तुला आणू का? कस्टमचं टेन्शन घेऊ नकोस." पुढे एक हसरा चेहरा, आणि मॉडेलचा नंबर.

या मशीनचे मी सहा हप्ते भरलेत. यावर मुलीची शाळा झाली, वडिलांच्या मेडिक्लेमचे फॉर्म भरले, गावचा सातबारा काढला, तेव्हा त्याला कुणी किमान पात्रता विचारली नव्हती. 'पडूनच आहे' म्हणे.

मी नंबर त्याच संकेतस्थळावर टाकला. सगळ्या खुणा हिरव्या. नुसत्या किमान नव्हे, शिफारशीच्याही.

दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. मेसेज वाचला हे त्याला निळ्या खुणांनी दिसलंच असणार. मघाशी परत तो नंबर काढून बघत बसलो होतो, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"अरे," बाहेरून आप्पा ओरडले, "मी अजून जिवंत आहे. तेवढं छापून देतोस का?"