एकच टायर बदलून द्या म्हणे!

चारही चाकांना सतत इंजिनची ताकद देणाऱ्या जुन्या सुबारू स्टेशन वॅगनचा एक टायर फाटला की तेवढा एकच नवा बसवायचा, ही खोड कधी जाणार? आणि दुकानदारही निमूट बसवून देतात!

अहो, उरलेले तीन झिजलेत ना? नव्याची नक्षी 8 मिलिमीटर खोल आणि जुन्यांची 4, तर घेरात 25 मिलिमीटरचा फरक पडतो. सुबारू कंपनी जेमतेम 6 मिलिमीटर चालवून घेते. एक चाक कायम वेगळ्या गतीने फिरतं, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा. तो फरक मॅन्युअल गाडीत व्हिस्कस कपलिंग (पुढच्या-मागच्या चाकांमधली, घट्ट तेलात फिरणाऱ्या चकत्यांची जोडणी) सोसतं, ऑटोमॅटिकमध्ये मागच्या चाकांना ताकद देणारा क्लचपॅक, म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांचा गठ्ठा. तेल तापतं, चकत्या झिजतात. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरलं की गाडी अडखळते, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. आणि लोक सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचे सांधे, बदलत सुटतात! आधी टायर मोजा की.

हवा सारखी भरा, चारही घेर टेपने मोजा. फरक जास्त असेल तर चारही बदला, किंवा त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, तितकाच झिजलेला टायर शोधा. पुढे दोन नवे, मागे दोन जुने हाही उपाय नव्हे; उलट तोच फरक थेट पुढच्या-मागच्या चाकांमधल्या त्याच जोडणीवर येतो.

बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंत बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ (म्हणजे ताकद फक्त पुढच्या चाकांना) लिहिलेला रिकामा फ्यूजचा खण असतो. छोटी स्टेपनी लावली की तिथे फ्यूज घालायचा, मागच्या चाकांची ताकद तुटते. मूळ चाक परत आलं की फ्यूज काढायचा.