धुळीवर पाणी मारून होणार नाही, पाचटाचा धूर थांबवा

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरभोवती करवीर, कागल, शिरोळकडं ऊस तुटून गेलेल्या रानात मागं उरलेला वाळला पाला, म्हणजे पाचट, संध्याकाळी पेटवतात. सकाळी गच्चीवरच्या कपड्यांवर काजळी. हे वर्षानुवर्षं चाललंय आणि आपण ते गृहीत धरलंय, याचा मला मनापासून त्रास होतो.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये आला. कोल्हापूर त्याच्या यादीत आहे. यश मोजतात ते मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे हवेतल्या बारीक कणांच्या प्रमाणावर, म्हणून देशभर सगळ्यात जास्त पैसा गेला रस्त्यावरच्या धुळीवर. धूळ कमी व्हायलाच हवी. पण हवामान बदलाशी थेट नातं आहे ते धुराचं. पाचट, डिझेल, पेटलेला कचरा, सगळ्यांच्या धुरात काळा कार्बन, म्हणजे काजळीचे बारीक कण, असतो. तो छातीतही जातो आणि ऊन शोषून हवाही तापवतो. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, मग पाऊसही जास्त जोरानं कोसळतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो, काळा कार्बन फार तर दोनेक आठवडे. म्हणजे आज जाळणं थांबवलं तर फायदा आपल्यालाच दिसेल, देशाच्या २०७० च्या नेट झिरोपर्यंत (निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या उद्दिष्टापर्यंत) थांबायला नको.  

शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होऊ नका. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यातून फुटणाऱ्या उसाला, पाणी लवकर द्यायचं असतं, पाचटानं पाट तुंबतो, मजूर मिळत नाही, उंदरांचा त्रास वेगळाच. काडी ओढणं फुकटात होतं. खरं तर हेक्टरी ८-१० टन पाचट रानातच कुजलं तर ओल टिकते आणि मातीचा कस वाढतो.

आणि शहराचा हवा आराखडा महापालिकेच्या हद्दीत संपतो. धूर येतो हद्दीबाहेरून.

माझी मागणी साधी आहे. स्वच्छ हवेच्या निधीतला वाटा हद्दीबाहेर, पाचटाची कुट्टी करायला, म्हणजे बारीक तुकडे करून रानातच पसरायला, द्या. कुणाचा ऊस कधी तुटणार हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडणीची नोंद ठेवणाऱ्या माणसाला, पक्कं ठाऊक असतं. तोडणी टोळी रानातून बाहेर पडली की दोन दिवसांत कुट्टी मशीन त्याच रानात गेलं पाहिजे, आणि त्याचं भाडं शेतकऱ्याच्या ऊस बिलातून कापू नका. येत्या हंगामाआधी कारखान्यांच्या सभांमध्ये सभासदांनी हा विषय मांडावा.