मामांच्या गॅरेजमधलं इंजिन आणि लाख डॉलरचा मेसेज

गेले दोन-तीन महिने अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो एकाच आठवड्यात चार जणांनी पाठवला, आणि मग मामींचा फोन आला. मामा जाऊन वर्ष झालं. डेट्रॉइटजवळच्या त्यांच्या घरी गॅरेजच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, शेव्हरलेचं एक व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन उभं आहे. १९७० ची शेव्हेल (शेव्हरलेचीच एक कार) मामांनी १९७४ साली जुनी घेतली होती. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने तिचा पत्रा खाल्ला आणि गाडी भंगारात गेली. इंजिन मात्र मामांनी काढून ठेवलं. मामी म्हणाल्या, “अरे, लाख डॉलर मिळतात म्हणे. खरं का?”

मेसेज थोडक्यात असा: “नातेवाइकाच्या गॅरेजमध्ये जुनं व्ही-एट असेल तर भंगारात देऊ नका! ब्लॉकवर ३९७००१० हा नंबर आणि तारखेच्या शेवटी ९ असेल, तर ते १९६९ च्या कॅमारो झेड/२८ चं ३०२ इंजिन आहे. नारिंगी रंग म्हणजे ओरिजिनल. चार बोल्टचं म्हणजे रेसिंगचं. नंबर असला की मॅचिंग नंबर. पॉलिश पेपरने नंबर चकचकीत करा आणि फोटो टाका, लाख डॉलर कुठे गेले नाहीत. हेमीला तर ३५ लाख डॉलर मिळालेत!”

हा मेसेज निव्वळ थाप असता तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. यातलं बरंचसं कुणीतरी अर्धवट ऐकलेलं खरं आहे, आणि तेच महागात पडतं. म्हणून एकेक घेतो.

“३९७००१० म्हणजे ३०२.”

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, आणि हा त्याच्या ओतकामाचा नंबर आहे. कोल्हापुरात शिरोलीच्या फौंड्रीत मी उमेदवारीचे दिवस काढलेत, तिथल्या कुठल्याही पोराला विचारा. हा आकडा पॅटर्नवर असतो. पॅटर्न वाळूत दाबला की आकडा साच्यात उमटतो, आणि त्या पॅटर्नवरून निघणाऱ्या प्रत्येक बीडाच्या ब्लॉकवर तोच येतो. म्हणजे हे आडनाव झालं. कोल्हापूर स्टँडवर ‘ओ पाटील’ म्हणून हाक मारली तर किती माना वळतील?

३९७००१० हे शेव्हरलेच्या छोट्या व्ही-एटमधलं असंच पाटील आडनाव. १९६९ च्या झेड/२८ या शेव्हरलेच्या कारमधल्या काही ३०२ घनइंची इंजिनांचा ब्लॉक हाच होता, ही गोष्ट खरी. पण हाच ब्लॉक १९६९ पासून सत्तरचं दशक संपेपर्यंत ३५० घनइंची इंजिनांना वापरला गेला. कारला, पिकअपला, मोठ्या ट्रकला. ३०२ आणि ३५० या दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) एकच, ४ इंच. फरक क्रँकमध्ये: ३०२ चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३ इंच, ३५० चा ३.४८. बाहेरून बघून हा फरक कळत नाही. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवा, पिस्टन वरून खाली किती जातो ते मोजा आणि गणित करा: बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक, गुणिले ०.७८५४, गुणिले ८ सिलिंडर. एकात ३०१.६ येईल, दुसऱ्यात ३४९.८. आकडा ३५५ आला तर घाबरू नका, कुणीतरी सिलिंडर ३० हजारांश इंचाने बोअर करून घेतलेत. मोजायच्या आधी बोअरची आतली कड बोटाने बघा, खोबण लागली तर झीज किती झाली तेही कळेल.

शेव्हरलेच्या मोठ्या व्ही-एटमध्येही हीच गोची आहे. १९७० च्या शेव्हेलमधलं ४५४ इंजिन दोन प्रकारांत मिळायचं: एलएस५, ३६० अश्वशक्तीचं, आणि एलएस६, ४५० अश्वशक्तीचं. किमतीत जमीनअस्मानाचा फरक, आणि ब्लॉकवर ओतलेला नंबर दोघांचा तोच, ३९६३५१२. फोर्डने तर कहर केलाय. त्यांच्या एफई घराण्यातल्या कितीतरी ब्लॉकांवर समोर ‘३५२’ असं ठसठशीत ओतलेलं असतं आणि आत ३९० निघतं. तिथे ३५२ वाचून नाक मुरडणारा माणूस कधीकधी चांगलं इंजिन हातचं घालवतो.

“शेवटी ९ म्हणजे १९६९.”

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. ओतकामाची तारीख ब्लॉकच्या मागच्या कडेवर, गिअरबॉक्स जोडतात तिथे, उठावात असते. आधी महिन्याचं अक्षर (जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असं डिसेंबरला एल), मग दिवस, मग सालाचा शेवटचा अंक. मामांच्या ब्लॉकवर होतं ‘सी ६ ९’, म्हणजे ६ मार्च, साल ९ वर संपणारं. हा ब्लॉक १९६९ मध्येही ओतला जात होता आणि १९७९ मध्येही. एका अंकाने दशक कळत नाही.

दशक कळतं दुसऱ्या जागी. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या (ड्रायव्हरच्या सीटवरून उजवीकडच्या) हेडच्या पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट जागा हेडबाहेर डोकावते. बहुतेकदा ती अल्टरनेटरखाली, तेलाच्या काळ्या थराखाली दडलेली असते. इथला मजकूर ओतलेला नसतो, इंजिन जोडताना पंच केलेला असतो. आधी कारखान्याचं अक्षर (व्ही म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा), मग महिना आणि दिवसाचे चार आकडे, आणि शेवटी ते इंजिन कशासाठी बांधलं याची अक्षरं. १९६९ पर्यंत ही शेपटी दोन अक्षरांची असायची. झेड/२८ च्या ३०२ ची शेपटी ‘डीझेड’. १९७० च्या मॉडेलांपासून ती तीन अक्षरांची झाली. पहिलं अक्षर सी असेल तर कारचं, टी असेल तर ट्रकचं.

मामांच्या इंजिनावर सुरुवातीला व्ही, मग ०३१९, आणि शेवटी तीन अक्षरं, त्यातलं पहिलं टी. ६ मार्चला ओतलं, १९ मार्चला फ्लिंटमध्ये जोडलं. हा क्रम नीट जुळतो, कारण ब्लॉक आधी ओतावा लागतो. जोडणीची तारीख ओतकामाच्या आधीची दिसली तर कुणीतरी हात मारलाय हे समजा. पण तीन अक्षरं आणि टी म्हटल्यावर १९६९ ची झेड/२८ संपली. हे १९७९ चं, ट्रकचं, ३५०.

आता १९७० च्या शेव्हेलमध्ये १९७९ चं इंजिन कसं? या प्रश्नापाशी मामी गप्प झाल्या. त्यावर नंतर येतो.

“नंबर असला की मॅचिंग नंबर.”

मॅचिंग हे दोन वस्तूंमधलं, गाडी आणि तिच्या मूळ इंजिनामधलं, नातं आहे. सुटं इंजिन कशाशी मॅच होणार? १९६८ पासून जनरल मोटर्स गाडीच्या ओळख क्रमांकाचा एक भाग इंजिनावरही पंच करू लागली. शेव्हरले कारवर त्यात पहिला आकडा १ (शेव्हरलेचा), मग सालाचा अंक, मग गाडी बांधणाऱ्या कारखान्याचं अक्षर आणि शेवटी ६ आकडी अनुक्रम. तो अनुक्रम आज कुणाच्या तरी चालत्या गाडीचा असेल आणि तिचं मूळ इंजिन हरवलेलं असेल, तर त्या एका माणसासाठी हे इंजिन सोन्याचं. बाकी सगळ्यांसाठी ते योग्य तारखेचं, योग्य जातीचं सुटं इंजिन. वाईट नाही, पण गोष्ट वेगळी.

१९६८ च्या आधीच्या बहुतेक शेव्हरले कारच्या इंजिनांवर हा क्रमांकच नसतो (कॉर्व्हेट अपवाद). तिथे ‘मॅचिंग’ म्हणणारा विक्रेता तारखांच्या जुळण्यावरून अंदाज सांगत असतो. अंदाज सांगायला हरकत नाही, त्याला पुरावा म्हणू नये.

कागद असतील तर शोधा. पाँटिअॅकचे कारखान्याचे तपशील आजही मागवता येतात, १९६७ पासूनच्या फोर्डचेही. शेव्हरलेचं तसं नाही. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेव्हरलेबाबत कंपनीकडून हे कळत नाही, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला बांधणीचा कागद, वॉरंटीची धातूची पट्टी, डीलरचं बिल यांना महत्त्व. मामींना मी सांगितलं की मामांची ती जुनी पत्र्याची पेटी आधी उघडा, इंजिन नंतर बघू.

“पॉलिश पेपरने चकचकीत करा.”

कृपा करा, हे करू नका. त्या सपाट जागेवर कारखान्यातल्या ब्रोचिंग (पृष्ठभाग कापून सपाट करणाऱ्या) मशिनच्या बारीक समांतर रेघा असतात. जाणकार गिऱ्हाईक भिंग घेऊन आकड्यांच्या आधी रेघा बघतो. रेघा गेलेल्या आणि आकडे ताजे दिसले की तो म्हणणार, वरचा थर काढून नवे आकडे ठोकलेत. असे उद्योग भरपूर चालतात, त्यामुळे त्याचा संशय वाजवी आहे. तुमचं अस्सल इंजिन तुम्हीच दहा मिनिटांत नकली दिसेल असं करून ठेवता. तारेचा ब्रश आणि ग्राइंडरही तिथून लांब ठेवा.

रॉकेल किंवा ब्रेक क्लीनर, जुना टूथब्रश आणि धीर, इतकं पुरतं. मग बाजूने तिरका टॉर्च मारून फोटो. आणि आपल्याकडे आरटीओच्या कामाला चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतात ना, तोच इथेही घ्या. पुसट आकडे फोटोपेक्षा त्यात बरे उठतात.

जागा अगदी कोरी निघाली तर तो घोटाळाच असेल असं नाही. दुरुस्तीच्या वेळी ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशिनवर घासून सपाट करतात, त्यात आकडे प्रामाणिकपणे उडून जातात. किंमत मात्र पडते. आणि ‘आकडे परत मारून देतो’ म्हणणारा भेटला तर हात जोडून निघून जा. गाडीच्या ओळख क्रमांकात फेरफार करणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे.

नारिंगी रंग आणि चार बोल्ट

शेव्हरलेचा नारिंगी रंग कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात स्प्रेच्या डब्यात मिळतो. रंगाबद्दल एवढंच.

चार बोल्ट म्हणजे क्रँक धरून ठेवणाऱ्या मधल्या बेअरिंग कॅपना दोनऐवजी चार बोल्ट. ते जास्त मजबूत, हे खरं. पण ही मजबुती ओझं वाहणाऱ्या ट्रकलाही लागते, आणि चार बोल्टची बरीचशी ३५० इंजिनं ट्रकमधूनच आलेली आहेत. ३९७००१० या एकाच नंबरात दोन्ही प्रकार सापडतात, आणि खालचं ऑइल पॅन उतरवल्याशिवाय कुठला ते कळत नाही. मामांचं चार बोल्टचं निघालं. मामींना तेवढ्यापुरता आनंद झाला.

“हेमीला ३५ लाख डॉलर.”

मिळाले. जून २०१४ मध्ये, सिएटलच्या लिलावात. पण विकली गेली ती अख्खी गाडी: १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा, उघड्या टपाची, चार गिअरची. अशा गाड्या बांधल्याच गेल्या मोजून डझनभरापेक्षा कमी. आपल्याकडे पैठणीच्या किमतीवरून कुणी सुताच्या गुंडीचा भाव काढत नाही.

शिवाय ‘हेमी’ (अर्धगोल ज्वलनकक्षाचं इंजिन) हे एका इंजिनाचं नाव नाही. क्रायस्लरने १९५१ ते १९५८ मध्ये ३३१, ३५४, ३९२ अशी हेमी काढली. लोक ज्याच्या नावाने उसासे टाकतात ते ४२६, रस्त्यावरच्या गाड्यांत १९६६ ते १९७१. आणि २००३ पासून पिकअपमध्ये ५.७ लिटरचं हेमी येऊ लागलं, ते आज कुठल्याही भंगार अड्ड्यात मिळेल. झाकणावरचं अक्षर वाचून उडी मारू नका.

मग किंमत किती?

विक्रीच्या जाहिरातीतली किंमत ही मागणाऱ्याची इच्छा असते. संकेतस्थळांवर ‘विकली गेलेली’ अशी चाळणी लावून बघा, डोकं ताळ्यावर येतं. अश्वशक्तीच्या आकड्यांचंही तसंच. कॉर्व्हेटचं एलटी-१ हे ३५० इंजिन १९७१ साली कंपनीनेच दोन पद्धतींनी सांगितलं: ३३० आणि २७५. इंजिन तेच. पहिला आकडा उघड्या इंजिनाचा, दुसरा पंखा-सायलेन्सर वगैरे लावून. १९७२ पासून फक्त दुसरा छापला जाऊ लागला. विक्रेत्याला अर्थातच पहिला आठवतो.

इंजिन फिरतं का, हे गिऱ्हाईक आधी विचारणार. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, एक-दोन दिवस थांबा, मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवा. स्टार्टर मारायचा मोह आवरा. फिरलं नाही, तरी अस्सल डीझेड इंजिनाला चांगले पैसे मिळतील, कारण तिथे लोक ब्लॉक विकत घेतात. १९७९ चं ट्रकचं ३५० जाम असेल तर ते बीडाच्या भावात जाईल. फिरत असेल, हेड तडकलेलं नसेल, तर माझ्या अनुभवात काही शे डॉलर. शेव्हरलेचं हे छोटं व्ही-एट १९५५ पासून बनतंय आणि त्याच्या पुढच्या पिढ्या धरून १० कोटींचा आकडा २०११ मध्येच पार झालाय. दुर्मीळ हा शब्द इथे जपून वापरावा.

मामांचं फिरलं. एका पिकअपवाल्या तरुणाने चारशे डॉलर दिले आणि होइस्ट (इंजिन उचलायचं यंत्र) स्वतः घेऊन आला, हा त्यातला खरा फायदा, कारण अडीचशे किलोचं धूड मी एकट्याने हलवणार नव्हतो.

तो गेल्यावर मामींनी पत्र्याची पेटी उघडली. शेव्हेलचा एकही कागद त्यात नव्हता. होतं ते एका गॅरेजचं १९८४ च्या फेब्रुवारीतलं बिल: ‘वापरलेलं ३५० इंजिन, बसवण्याच्या मजुरीसह’. मामींनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“त्या हिवाळ्यात गाडी तीन आठवडे गॅरेजला होती,” त्या म्हणाल्या. “मला सांगितलं होतं, पाण्याचा पंप बदललाय.”