घडीचे सात फेरे

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी आमच्या पोराची एसटी चुकली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला कळायला दीड महिना लागला.

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. रात्री मुक्कामी आलेली गाडी सकाळी साडेसहाला परत निघते. ती गेली की नऊपर्यंत ऑटोवाल्याच्या मर्जीवर. पोरगा अकरावीला, सायन्सला. त्या दिवशी तो ओट्यावर चहात पोळी बुडवत बसला होता, कारण बैठकीतल्या घडीत सहाला दहा कमी होते. तेवढ्यात चौकातून गाडीचा हॉर्न ऐकू आला, मग गिअर बदलल्याचा आवाज, मग काहीच नाही. घडी चाळीस मिनिटं मागं होती. घरात मोबाईल चार आहेत. पण आमच्याकडं मोबाईल बघतात तो कोणाचा काय मेसेज आला ते पाहायला. किती वाजले हे पाहायचं असलं की मान आपोआप भिंतीकडं वळते.

ही घडी आबाजींची. लाकडी पेटीची, आठ दिवसांच्या चावीची, तासाला टोले देणारी. मूर्तिजापूरहून यवतमाळकडं रमतगमत जाणाऱ्या नॅरोगेजच्या शकुंतला गाडीतून आबाजींनी ती मांडीवर घेऊन आणली. आई म्हणते, पहिलाच प्रवास तसा झाल्यावर तिला घाई कुठून माहीत असणार?

अकोल्याला बहिणीकडं जाताना बाबांनी मला एकच सूचना दिली होती. "शनिवारी चावी देजो. दोन्ही भोकात. उजवीकडची चालाची, डावीकडची टोल्याची." बस्स. मी शनिवारी चावी दिली. तरी घडी रोज दहा मिनिटं मागं. इतकी वर्षं नीट चालणारी घडी नेमकी बाबा नसताना बिघडावी, म्हणजे बाबा परत आल्यावर माझं काय होणार, हे उघड होतं. म्हणून ते यायच्या आत मी ती दुरुस्त करायची ठरवली.

गावात एखादी गोष्ट दुरुस्त करायची असं ठरवलं की पहिल्यांदा माणसं जमतात. शेजारच्या काकाजींनी सांगितलं, "राकेलचा बोळा ठेव आत. त्याच्या वाफेनं मळ सुटते." रेशनवर राकेल मिळायचं बंद होऊन जमाना झाला, पण काकाजींकडं बाटली निघाली. दोन दिवस बैठकीत असा वास सुटला की आईनं देवापुढं उदबत्ती लावायची बंद केली. उगाच भडका नको म्हणे. घडी दहा मिनिटं मागंच.

मग निवृत्त गुरुजी आले. त्यांचं म्हणणं, घडी बरोबरच आहे, देश चुकतो. "आपली भारतीय वेळ कुठची? मिर्झापूरजवळून साडेब्याऐंशी रेखांश जाते, तिथची. दारव्हा पावणेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, कर हिशोब. आपला सूर्यच 19 मिनिटं उशिरा येते! 1906 च्या पहिले जे त्या गावची वेळ त्या गावाले होती." मला हे फार पटलं. आमच्या गावात सगळंच थोडं उशिरा का होतं याचं इतकं सरकारी कारण पहिल्यांदाच मिळालं होतं. पण पोरानं पाणी ओतलं. म्हणाला, "गुरुजी, मंग घडी 19 मिनिटांवर थांबली पाहिजे. हे त रोज अजून दहा मागं जाऊन राहिली."

तिसरा पक्ष उन्हाचा. आपल्याकडच्या उन्हानं दांडी लांबते, लांब लंबक हळू हलतो, म्हणून घडी मागं. पोराच्या पुस्तकात नेमका लंबक होता. सायन्सला घातल्याचा पहिला उपयोग. त्यानं हिशोब मांडला: मेमधले 45 अंश, डिसेंबरातले 10, फरक 35; पोलादी दांडी असली तरी दिवसाला फार तर 17-18 सेकंद. दहा मिनिटं नाही. शिवाय बाहेर पौषाची थंडी होती. ऊन असलं तरी ते आमच्या डोक्यात होतं.

शेवटी मी दारव्ह्याला घडीसाजाकडं गेलो. बसस्टँडजवळ त्यांचं खोकं. आता पुढं मोबाईलचे कव्हर टांगलेले असतात आणि घडीसाज त्या कव्हरांच्या मागून डोळ्याला भिंग लावून डोकावतात. टोल्याची घडी म्हटल्यावर त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाचा फोन बाजूला ठेवला. "घेऊन आले का? नाई? बरं केलं. एसटीत आणली असती त अजून एक काम वाढलं असतं." मग पाव तास शिकवणी. पहिल्यांदा कान लावा. टिक आणि टॉक सारख्या अंतरानं आले पाहिजेत, नाही तर घडी वाकडी टांगली आहे. लंबकाच्या थाळीखाली एक चाकी असते. ती वर चढवली की लंबक आखूड, घडी जलद. खाली उतरवली की उलट. हात लावायच्या आधी चाकी जिथं आहे तिथं खूण करा. "आन् काटा मागं फिरवायचा नाई. कधीच नाई. टोल्याचं बिघडते." किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, "चालली त मंग द्या."

रविवारी मी स्टुलावर चढलो. कान लावला. टिक... टॉकटिक... टॉकटिक. लंगडा बैल बंडी ओढतो तशी चाल. मातीच्या भिंतीनं तीन पावसाळ्यांत कूस बदलली होती. बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाची घडी करून मी पेटीच्या एका बाजूला सारली, कागद कमी-जास्त केला, आणि चाल सरळ झाली. मागं पडणं मात्र तेवढंच राहिलं. बायकोच्या नेलपॉलिशनं दांडीवर लाल खूण केली. बायको खाली उभी. तिचं म्हणणं, पायांना लावायला सवड नाही आणि घडीला लावून राहिले.

पोरानं पट्टीनं मोजलं. चाकीच्या एका फेऱ्यात थाळी अर्धा मिलिमीटर सरकते. आमचा लंबक एका वितेचा, साधारण 25 सेंटीमीटर. त्यात एक मिलिमीटर कमी केला की दिवसाला जवळपास तीन मिनिटं वाढतात. म्हणजे दहा मिनिटांना साडेतीन मिलिमीटर. सात फेरे. वडाला मारतात तेवढेच, फक्त इथं बायकोऐवजी मी.

मी सात फेरे चढवले आणि मोबाईलमध्ये पाहून वेळ लावायला गेलो. काटा जरा पुढं गेला, म्हणून सवयीनं मागं घेतला. पोरगा ओरडला, तोवर झालं होतं. दुपारी चार वाजता घडीनं बारा टोले दिले. आई आतून म्हणाली, "वाजले बाप्पा एकदाचे! घराचे बारा वाजायचेच राह्यले होते." टोले मोजून काटे पुढं फिरवत, प्रत्येक तासाला थांबत, ऐकत, ते जुळवायला संध्याकाळ झाली. गल्लीतली पोट्टी टोले मोजायला दारात जमली होती आणि त्यांचा आकडा माझ्याशी जुळत नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी घडी बरोबर. तिसऱ्या दिवशी बरोबर. आठवडाभर एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. मी हे चौकात दोन-तीन जणांना सहज सांगितलं. परिणामी एका घरून बंद पडलेला मिक्सर आला आणि काकाजी कंबर दाखवायला आले. घडीसाजाला मी शंभर रुपये देऊन आलो. त्यांनी पन्नास परत केले.

मग बाबा आले. काळा चष्मा, डोळ्यात टाकायचे थेंब, बहिणीनं दिलेला लाडूंचा डबा. घडीकडं त्यांनी पाहिलं नाही. मीही काही बोललो नाही. सांगितलं असतं तर बिघडली होती हेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घडी दहा मिनिटं पुढं.

म्हणजे मीच फेरे जास्त चढवले असणार. आठवडाभर बरोबर चालली होती ते? तो तिचा चांगुलपणा. काटा मागं फिरवायचा नाही, म्हणून घडी मागं आणायचा एकच उपाय: लंबक थांबवायचा आणि दहा मिनिटं वाट पाहायची. मी लंबक बोटानं धरून स्टुलावर उभा राहिलो. बायको सडा टाकून आत आली, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता चूल पेटवायला गेली. लग्नाला अठरा वर्षं झाली की हा फायदा असतो. मग मी दोन फेरे उतरवले. पुढच्या सकाळी घडी सात मिनिटं पुढं. पुन्हा बोट, पुन्हा स्टूल, पुन्हा दोन फेरे. पुढच्या सकाळी चार मिनिटं. पोरगा मात्र खूश. गाडीत खिडकीची जागा मिळायला लागली होती. शेवटी मी चिडून तीन फेरे एकदम उतरवले आणि दुसऱ्या दिवशी घडी सेकंदाला बरोबर.

लंबक हलता ठेवून मी खाली वाकून पाहिलं. दोन अधिक दोन अधिक तीन. चाकी लाल खुणेवर येऊन टेकली होती. जिथून मी निघालो होतो तिथंच. तेव्हा रोज दहा मिनिटं मागं पडणारी घडी आता त्याच जागी बरोबर चालत होती.

पोराला बोलावलं. त्यानं खूण पाहिली, चाकी पाहिली, वही उघडली, वही मिटली. "हे सिलॅबसमध्ये नाही," म्हणाला. मीही दोन दिवस कोणाशी बोललो नाही. वास्तविक या घरात संध्याकाळी घडी नेहमीच सहा-सात मिनिटं मागं असायची, हे तेव्हा मला आठवायला हवं होतं. पण संध्याकाळी कोणाला गाडी पकडायची असते?

त्या आठवड्यात थ्री फेज लाईन रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायला दोघं गडी वावरात, आणि मी तीनला घरी परतलो. चपला बाहेर काढून दार लोटलं. घडीनं तीन टोले दिले. मी अंधारातच हातपाय पुसत होतो, तेवढ्यात बाबा आतून आले. काळा चष्मा लावलेला. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी न चाचपडता उचललं, घडीखाली ठेवलं, चढले, काचेचं दार उघडलं आणि मिनिटकाट्याला बोट लावून तो पाचावरून पंधरावर नेला. दार लावलं. इतकं सहज, की जसं कोणी झोपेत पांघरूण ओढावं.

"बाबा, पडसान नं!"

"काहून पडीन? आबाजी गेले तवापासून चढून राह्यलो."

"पण हे काय करता?"

"दहा मिनिटं खाते ते रोज. मंग द्या लागते परत."

"मले सांगतलं काहून नाई?"

"तू इचारलं कवा?" बाबा उतरले, स्टूल जागेवर ठेवलं. मग थबकले. "मी अकोल्याले होतो तवा कोन देत होतं?"

बियाण्याचं पाकीट, राकेलचा बोळा, मिर्झापूर, पोराची वही, सगळं माझ्या डोळ्यापुढून गेलं.

"मी," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. "बरं केलं. दहाच देत जाय. पंधरा देल्ली का चढून जाते."

मार्चमध्ये त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. नेलपॉलिशची बाटली मी बायकोला अजून परत दिलेली नाही.