पाचवी वायर

कॉलनीच्या ग्रुपवर काल सकाळपासून गाडीचा वायपर दुरुस्त केल्याबद्दल कॉलनीतल्या काकांवर फुलांचा वर्षाव चालू आहे. 'हॅट्स ऑफ काका', 'शेवटी अनुभव तो अनुभव', आणि एकाने तर नुसतंच 'जुनं ते सोनं' लिहिलंय; ते काकांना उद्देशून आहे की गाडीला, कळायला मार्ग नाही. गाडी माझी. वायपरची मोटर मी शोधून आणली. कोपरं माझी सोलली. फोटोत मी नाही असं मात्र म्हणता येणार नाही. डॅशबोर्डखालून बाहेर आलेले दोन पाय माझेच आहेत.

गाडी म्हणजे वडिलांचा फार्गो ट्रक. हल्लीच्या पोरांना फार्गो ठाऊक नसतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लरशी हातमिळवणी करून डॉज आणि फार्गो ट्रक इथे बांधले. गाडी तीच, नाकावरचं नाव तेवढं वेगळं. आमच्या फार्गोने लासलगावचा कांदा मुंबईला पोचवला आणि आता ती नाशिकच्या जेलरोडला, घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पेन्शन खात उभी आहे.

हिचा मूळ वायपर विजेवर चालायचाच नाही. पेट्रोल इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर तो हलायचा. ॲक्सिलरेटर सोडला की ओढ वाढायची आणि वायपर पिसाळायचा. दाबला की ओढ गेली, वायपर मलूल. आता कसारा घाट चढताना पाय दाबलेलाच ठेवावा लागतो, आणि पावसाळ्यात पाणी नेमकं तिथेच कोसळतं. म्हणजे जिथे वायपर हवा तिथेच तो काचेच्या मधोमध प्राण सोडायचा. मग क्लीनरने दाराबाहेर लटकून फडक्याने काच पुसायची. वडील तंबाखू भिजवून काचेवर चोळायचे, पाणी ठरत नाही म्हणायचे. उरलेली तंबाखू कुठे जायची ते आईला विचारू नका.

म्हणून यंदा पावसाआधी विजेची मोटर बसवायची ठरवली. अंबड लिंक रोडच्या भंगारात बारा व्होल्टची एक जुनी मोटर मिळाली. तिच्यातून पाच वायरी बाहेर आलेल्या, पाचही एकाच मातकट रंगाच्या. एक अर्थिंगची, एक हळू गतीची, एक जलद गतीची, एक बॅटरीकडून येणारी. मीटर लावून बसलं की यातलं बरंचसं उलगडतं; जलद गतीच्या वायरीचा रोध हळू गतीच्या वायरीपेक्षा कमी भरतो. खरी गंमत पाचवीत असते. मोटरच्या आत गिअरवर तांब्याची एक चकती असते आणि तिला एका जागी खाच. आपण स्विच बंद केलं तरी या पाचवीतून करंट जात राहतो, वायपर मुकाट्याने खाली येतो, खाच समोर आली की करंट तुटतो आणि वायपर काचेच्या तळाशी आडवा पडून राहतो. पाचवी वायर नसेल तर बटण दाबाल तिथे वायपर थांबणार, आणि तो नेहमी तुमच्या नाकासमोरच थांबतो.

द्वारकेजवळच्या एका दुकानात हे सगळं समजावून स्विच मागितलं. दुकानदाराने पाण्याच्या पंपाला लावतात तसला खटका पुढे केला.

"ऑन आणि ऑफ. वायपरला अजून काय पाहिजे?"

"बंद केला की खाली येऊन थांबला पाहिजे."

"मग खाली आला की बंद करा ना साहेब."

याला उत्तर नाही. पण खरं सांगतो, त्या वेळी हसू आलं नव्हतं. गाडीत जे जे म्हणून कुणी तरी डोकं लावून ठेवलेलं असतं, ते आपल्याकडे 'जास्तीची वायर' या सदरात जातं. कापायची, टेप मारायची, चालतंय ना, मग झालं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणारी माणसं हीच. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनच्या पत्र्याच्या डब्यात तीन टप्प्यांचं, ओढायचं स्विच सापडलं. त्याने ते शर्टाला पुसून दिलं आणि पैसे मात्र नव्याचे घेतले.

इतकं करूनही वायपर थांबायचा तो काचेच्या मध्यावरच. आतल्या चकतीवरचं ग्रीस सुकून दगड झालं असणार, हा माझा अंदाज. मोटर उघडून मी डॅशबोर्डखाली आडवा झालो आणि तेवढ्यात काका आले. हातात दुधाची पिशवी, काखेत छत्री.

काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण प्रेस काही काकांमधून निवृत्त झालेली नाही.

"काय रे, अजून चालूच आहे?"

"वायपर मध्येच थांबतो काका. पार्किंगचा प्रॉब्लेम आहे."

"अरे, मेन रोडला माणसांना पार्किंग मिळत नाही, तुझ्या वायपरला कुठून मिळणार!" या विनोदावर ते स्वतः पुरेसे हसले. मग गंभीर झाले. "अर्थिंग नाहीये, बाळा."

"आहे काका. ही काळी वायर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलीय."

"आणि चासी?"

"चासी म्हणजेच अर्थ."

"चासी उभी कशावर आहे?"

"टायरवर."

"टायर कशाचे?"

मी गप्प.

"रबराचे! मग अर्थिंग जमिनीत जाणार कसं? आमच्याकडे मशीनच्या अर्थिंगला खड्डा खणून मीठ-कोळसा घालायचे."

गाडीत करंट बॅटरीतून निघतो आणि चासीमधून बॅटरीकडेच परततो, जमिनीशी त्याचं काही देणं-घेणं नसतं, हे मी तोंडात पेचकस धरून सांगायचा प्रयत्न केला. काकांनी शांतपणे हुकमाचा एक्का टाकला. "मग पेट्रोलच्या टँकरला मागे साखळी का लोंबते?"

लोंबते, हे खरं. ती घर्षणाने साठणाऱ्या विजेसाठी असते, वायपरसाठी नसते, पण अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाशी वाद जिंकता येत नाही. काका गेले. मला वाटलं, सुटलो.

मी पॉलिश पेपरने चकती घासत होतो. काळं ग्रीस पापुद्र्यांनी निघत होतं, खाली तांबं उजळत होतं, आणि मागून चासीला काहीतरी बांधल्याचा खळखळाट ऐकू आला. काकांनी त्यांच्या दिवंगत टॉमीची साखळी आणली होती. दुसरं टोक मातीत पुरून वर तांब्याभर मिठाचं पाणी ओतलं. एव्हाना जमलेल्या मंडळींना ते गाडीबद्दलही सांगत होते. "व्हिंटेज म्हणून आरटीओत नोंद करून टाक म्हणावं."

तेही नशिबात नाही. २०२१ साली केंद्राने व्हिंटेजचे नियम केले, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए'ची वेगळी नंबर प्लेट दिली, पण मान कुणाला? दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना. ट्रक त्यात बसत नाही. हौशी लोकांनी फिरायला नेलेली गाडी वारसा, आणि ज्याने कांदा वाहिला तो भंगार. हे कुणाला सांगायला जावं तर म्हणतात, विकून टाक ना मग.

मोटर बंद केली, स्क्रू आवळले, स्विच ओढलं. वायपर फिरला. स्विच बंद केलं. वायपर अर्ध्यावरून सरळ खाली आला आणि काचेच्या कडेला आडवा झाला.

"बघ!" काका ओरडले. "साखळी!"

टाळ्या वाजल्या. कुणीतरी फोटो काढला. आईने चहा आणला, पहिला कप काकांना. मी चकती, खाच, पाचवी वायर वगैरे बोलत होतो, समोरच्या वहिनींनी "हो का?" म्हणून काकांना विचारलं, आमच्या स्कूटीचा सेल्फ लागत नाही, तिलाही साखळी चालेल का.

रात्री मी ती साखळी सोडायला गेलो तर आईने अडवलं. "एवढ्या मोठ्या माणसाने लावलीय, राहू दे. तुला काय ती खायला मागते?"

आज सकाळी काका पुन्हा हजर. या वेळी हातात सलाइनची रिकामी बाटली आणि नळी. काचेवर पाणी मारायची सोय करायचीय म्हणाले. मोटरबिटर काही लागत नाही, टपावर टांगायची, आपोआप उतरतं. "तू फक्त स्टूल धर."