हिशेबाबाहेरची हवा

गाडीत काही कमी पडले तर माणूस निदान ते आणून भरू शकतो. माझ्या गाडीत मात्र हवा जास्त झाली होती, आणि ती नेमकी कुठून शिरते हे सांगणारा माणूस शोधण्यात माझा आख्खा पावसाळा गेला. सोसायटीत ही अडचण बोलून दाखवली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "मग थोडी काढून टाका की! पंपावर फुकट काढतात." चाकातली नव्हे, इंजिनातली, असा खुलासा केल्यावर त्यांनी ताबडतोब मत बदलून पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे निदान केले.

लक्षणे अशी होती. गाडी धावत असताना तिच्याइतकी गुणी गाडी पुण्यात नसे. पण सिग्नलला उभी राहिली की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सातशेवरून पाचशेवर घसरायचा, बंद पडते की काय असे वाटेपर्यंत हजाराकडे उडी घ्यायचा आणि या सगळ्याच्या तालावर आरशात लटकवलेला गणपती डोलायचा. सकाळी थंड इंजिनावर ती मिसिंग करायची, म्हणजे अडखळत, झटके देत चालायची. त्यातच एके दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा लागला, जो गाडीला काय झाले आहे हे कधीच सांगत नाही, फक्त काहीतरी झाले आहे एवढेच सांगून मालकाची झोप उडवतो.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला गेला आणि पडद्यावर पी०१७१ हा कोड उमटला. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. शुद्ध पेट्रोल पुरते जळायला एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि हे प्रमाण राखण्याचे काम गाडीतला संगणक अहोरात्र करत असतो. यंत्राने "मिश्रण लीन आहे" असे सांगितले. गॅरेजच्या मालकाने मात्र "ऑक्सिजन सेन्सर गेला आहे" असे ऐकले. वास्तविक सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला हा सेन्सर म्हणजे पंगत उठल्यावर पत्रावळींवर काय उरले ते पाहून स्वयंपाकाचा अंदाज बांधणारा घरातला जाणता म्हातारा. धुरात ऑक्सिजन उरलेला दिसला की तो आपला व्होल्टेज ०.१ च्या आसपास पाडतो, पेट्रोल जास्त झाले की ०.९ कडे नेतो. आमचा म्हातारा इमानेइतबारे सांगत होता की हवा उरते आहे. त्यावर गॅरेजने त्याला घरी पाठवून त्याच्या जागी नवा म्हातारा बसवला आणि त्याचे कित्येक हजार रुपये लावले. नव्या म्हाताऱ्याने पत्रावळींवर नजर टाकली आणि जुन्याचेच वाक्य उच्चारले. पिवळा दिवा आठवड्याच्या आत परतला.

दुसऱ्या गॅरेजचा विश्वास पेट्रोल पंपावर होता; म्हणजे रस्त्यावरच्या नव्हे, टाकीत बुडवून ठेवलेल्या. "प्रेशर कमी पडतंय," असे तेथील फिटरने प्रेशर न मोजता सांगितले. मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले की पंप अशक्त झाला असता तर जास्त पेट्रोल लागते तिथे, म्हणजे चढावर, गाडीने मान टाकली असती. प्रत्यक्षात कंदी पेढे आणायला साताऱ्याला जाताना चार माणसे घेऊन ती खंबाटकी घाट निमूट चढली होती. त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले. "घाटात चढली हे तुमचं नशीब समजा," असे म्हणून त्याने मागची सीट उचलायला घेतली. पंप बदलला, इंजेक्टर साफ केले, प्लग नवे घातले, आणि बिलावर "जनरल चेकअप" या नावाखाली एक रक्कम लिहिली, जिचा अर्थ मला आजतागायत समजलेला नाही. घरी येताना पहिल्याच सिग्नलला गणपती डोलू लागला.

मग मी स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचायचे आणि मोबाईलला जोडायचे एक लहानसे यंत्र विकत घेतले. माझी गाडी २०१४ ची असल्यामुळे तिला ही खोबण आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. मी ती फ्यूजची जागा समजत होतो. या यंत्रावर फ्युएल ट्रिम नावाचे आकडे दिसतात. संगणकाने ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा घटवले ते त्यावरून कळते. शून्याच्या आसपास पाच-सात टक्के इकडेतिकडे असणे निरोगी. वीस-पंचवीसपर्यंत वाढवूनही भागेना, की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो. मी गाडी चालवू लागलो आणि सौभाग्यवती शेजारी बसून आकडे वाचू लागल्या. सिग्नलला, "चोवीस." सिग्नल सुटून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर गेले की, "चार." पुढच्या सिग्नलला पुन्हा, "चोवीस." लकडी पूल येईपर्यंत त्यांनी निकाल दिला: "हिचं दुखणं उभं राहण्यात आहे, चालण्यात नाही."

दोन गॅरेजांना न सुचलेले हे वाक्य शास्त्राला धरून होते. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरनंतर लगेच बसवलेला आहे; त्याच्या पुढे कुठे चीर असेल तर तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. इंजिन नुसते सुरू असताना थ्रॉटलची, म्हणजे आत हवा किती सोडायची ते ठरवणारी, झडप जवळजवळ बंद असते, आत निर्वात ओढ जबर असते आणि इंजिनाची एकूण हवेची गरज बेताची असते, त्यामुळे चिरेतून येणारी चोरटी हवा भारी पडते. रेस केली की झडप उघडते, ओढ कमी होते, मोजलेली हवा भरपूर येते आणि तीच चोरटी हवा नगण्य ठरते. पंप किंवा इंजेक्टर दोषी असते, तर आकडे उलटे, म्हणजे जोर लागताना वाढले असते.

हे सारे मी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे बोळात बसणाऱ्या एका वयस्क फिटरला सविस्तर सांगायला सुरुवात केली. त्यांनी माझे वाक्य अर्ध्यावर तोडून बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "एअर घेतेय." मोबाईल दाखवण्याची माझी तयारी वाया गेली.

शोध घेण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर या ज्वालाग्राही द्रवाचा फवारा मारून आवाज बदलतो का पाहण्याचा प्रकार त्यांनी साफ नाकारला, कारण असा भडका त्यांनी एकदा पाहिला होता. त्यांनी इंजिन बंद केले, थ्रॉटलच्या तोंडात रबरी हातमोजा कोंबला आणि स्वतः बनवलेल्या पत्र्याच्या डब्यातला तेलाचा धूर, इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडलेल्या ब्रेक बूस्टरच्या नळीतून हलकेच आत सोडला. बोळातली रिकामी मंडळी जमली. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगवर पैज लावणारेही निघाले. थोड्या वेळाने इंजिनाच्या मागच्या, कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या बाजूने एक बारीक पांढरी रेघ वर आली.

चीर ब्रीदर पाईपच्या, म्हणजे इंजिनातली वाफ पुन्हा हवेच्या वाटेत नेणाऱ्या रबरी नळीच्या, कोपरात होती. वरून हा पाईप ठणठणीत दिसत होता. फिटरनी तो काढून माझ्या हातात दिला तेव्हा कळले की इंजिनातल्या तेलकट वाफेने रबर फुगून लोण्यासारखे मऊ झाले आहे. वळणाच्या आतल्या अंगाला अंगठा दाबला की बोटभर लांब फाट उघडे, सोडला की ओठ मिटून पुन्हा निर्दोष दिसे. नवा पाईप तीनशे ऐंशी रुपयांचा होता. मजुरी त्यांनी त्याहून थोडी जास्त लावली आणि "जनरल चेकअप" काही लिहिला नाही.

आता उभ्या गाडीत आकडा सहावर असतो. तो शून्यावर का येत नाही, या माझ्या तक्रारीला उत्तर टाकीतच आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागत असल्यामुळे या मिश्रणाचे प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ होते, म्हणजे तेवढ्याच हवेला संगणकाला थोडे अधिक इंधन द्यावेच लागते. बोळातल्या मंडळींनी पाईप फाटण्याचे पापही इथेनॉलच्याच माथी मारले होते, पण त्या पाईपातून पेट्रोल मुळी वाहतच नाही.

बदललेला जुना ऑक्सिजन सेन्सर पूर्ण निर्दोष असून अजून माझ्या डिकीत आहे. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीत तोच पिवळा दिवा लागला आणि तोच कोड निघाला. मी त्यांना जिन्यात उभे करून ट्रिम, झडप, निर्वात ओढ आणि चोरटी हवा हे सारे क्रमवार समजावले, आकडे उभ्या गाडीत आणि अडीच हजारांवर वेगवेगळे का वाचायचे तेही सांगितले. त्यांनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"सगळं पटलं," ते म्हणाले. "तो सेन्सर मात्र द्या, बसवून तर बघू."